चुन्याच्या रेषेच्या आत

मिशनचा दवाखाना, माउंट हेगन
९ जून

दाजी,

बोलता येत नाही म्हणून लिहितोय. माझे वरचे दात खालच्या दातांना तारेनं बांधलेत. फटीतून नळी घालून रताळ्याची पेज पाजतात. जन्मात कुणाला माझं तोंड बंद करता आलं नव्हतं, ते त्या लाल केसांच्या गोऱ्यानं एका धडकेत करून दाखवलं. नर्स म्हणते, दोन महिने तार काढायची नाही. वॉर्डातले बाकीचे खूश आहेत.

मला आठवतं ते एवढंच. चेंडू वर गेला, फार वर. मी त्याच्या खाली गेलो, हात पसरले. मग काही नाही. मग विमानाचं छत, आणि तोंडात लोखंडाची चव.

घरी सगळ्यांनी रग्बी लीगचा तो सामना रेडिओवर ऐकला. अख्खं खोरं आमच्या कॉफीच्या शेडमध्ये जमलं होतं, तुमचे येंगा एका भिंतीला, आमचे टोपाका दुसऱ्या भिंतीला. खोऱ्यातली दोन पोरं देशाच्या संघात, त्यातला एक यांचा आणि एक त्यांचा! आजवर या दोन कुळांनी मिळून केलं काय, तर एकमेकांची घरं जाळली. त्या दिवशी मात्र एकाच टोपलीतून सुपारी खाल्ली म्हणे. आणि मग रेडिओवाला म्हणाला की फुलबॅक, म्हणजे मी, चेंडूखाली उभा आहे, हाफबॅक, म्हणजे तुम्ही, अगदी शेजारी आहे, त्याला मागून येणारा गडी दिसतोय, त्यानं तोंड उघडलं, पण तो ओरडत नाहीये.

तेव्हापासून माझा थोरला भाऊ कौपा रोज येऊन खाटेच्या कडेला बसतो, कुऱ्हाड मांडीवर घेऊन. नर्सनं कुऱ्हाड बाहेर ठेवायला सांगितली, तर त्यानं नर्सलाच बाहेर ठेवलं. तुमच्या वडिलांना आमच्या लोकांनी मारलं, हे मी विसरलो नाही आणि तुम्हीही विसरला नसाल. ते भांडण मिटलं तेव्हाच माझी बहीण कोपिल तुमच्या घरात आली. कौपा म्हणतो, यांनी बायको घेतली, पण बापाचं दुःख पोटात ठेवलं आणि सगळ्या देशासमोर तुझ्या जबड्यावर फेडलं. मी मान हलवून नाही म्हणतो. मान हलवली की डोळ्यांपुढे काजवे चमकतात.

सरळ सांगा. तो गोरा मागून येताना तुम्हाला दिसला होता का?

केवा


खेळाडूंची बराक, पोर्ट मोर्सबी
१७ जून

मेव्हणे,

दिसला होता. अगदी स्वच्छ दिसला होता.

आधी बाकीचं सांगतो. तुम्हाला उचलून नेलं आणि पुढे जे झालं त्याला खेळ म्हणत नाहीत. आमचा कप्तान तोमारे, तो रबाउलचा राक्षस, त्यानं त्या लाल केसांच्याला असा आडवा केला की त्याचे दोन दात तोमारेच्या कोपरात राहिले. मग त्यांच्यातल्या एकानं आपल्या विंगरचं नाक फोडलं. मग सगळेच. पंच शिट्टी वाजवून वाजवून थकला. लोक कुंपण पाडून आत आले, पोलिसांनी अश्रुधूर सोडला, वारा उलटा फिरला आणि धूर पोलिसांवरच गेला. शेवटची दहा मिनिटं आम्ही डोळे चोळत खेळलो. हरलो. पण गोरे त्या दिवशी बसमध्ये चढताना एकमेकांना हात देत होते. बरोबरीचे आहोत हे त्यांना कळलं.

आता तुमचा प्रश्न. तो धावत आला तेव्हा तुमचं नाव माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं. मेव्हणे, बायकोच्या भावाचं नाव मी लग्नाच्या दिवसापासून घेतलेलं नाही. पाकिटावरसुद्धा तुमचं नाव तोमारे लिहितो, त्याला काय, तो कुणाच्याही नावानं बोंबलतो. तुम्ही खाली सही करता त्यावर मी अंगठा ठेवून पत्र वाचतो. मग सगळा देश ऐकत असताना ते नाव मी तोंडातून काढू? तुमच्या आईनं मला परत दारात उभं केलं असतं का? ‘मेव्हणे’ म्हणून हाक मारायला गेलो, पण तोंड त्या नावानंच भरलं होतं, दुसरं काही बाहेर येईना.

अशा वेळीसुद्धा मी तुमचा मान राखला. हे पत्र तुमच्या थोरल्या दादांना वाचून दाखवा, त्यांच्या डोक्यातलं खूळ निघून जाईल. तुमच्या आईंना तर मुद्दाम दाखवा.

ऑगस्टमध्ये दुसरा संघ येतोय. एक नंबरची जर्सी अजून कुणाला दिलेली नाही. प्रशिक्षकाला मी म्हटलं, तिचा धनी पेज पितोय.

गोइंबा


मिशनचा दवाखाना, माउंट हेगन
२८ जून

दाजी,

तुमचं पत्र वाचून हसू आलं. तार हिरडीत रुतली आणि रक्त आलं. पुन्हा असलं लिहू नका.

तुम्ही सांगितलंत तसंच केलं. मिशनच्या मास्तरांना पत्र दिलं आणि त्यांनी वस्तीवर सगळ्यांसमोर वाचलं. म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. आईनं डोळे पुसले आणि म्हणाली, जावई असावा तर असा. येंगांकडच्या कुणाला तरी तिनं रताळ्यांची टोपलीही दिली. सगळं तुमच्या मनासारखं चाललं होतं.

कौपानं मात्र तुमचे पहिले दोनच शब्द ऐकले. दिसला होता. त्यापुढचं त्यानं काही ऐकलंच नाही. उठला आणि म्हणाला, तो स्वतःच कबूल करतोय, अजून काय पाहिजे? तरण्या पोरांना घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तुमच्या उतारावरची सगळी कॉफी आडवी केली. ऐन बहरातली झाडं. संध्याकाळी तुमच्या काकांनी आमची दोन घरं पेटवली. त्यातलं एक माझं होतं. माझे बूट त्यात होते.

आता माझंही ऐका. म्हातारे काहीही म्हणोत, मी तुमच्यावर चिडलो आहे. माझा मान राखलात, फार छान. माझा जबडा कुणी राखायचा? मानानं काय मी रताळं चावू? तुम्ही नाव घेतलं असतंत तर मी एक पाऊल सरकलो असतो, चेंडू पडला असता, नाव घेतल्याचा दंड म्हणून तुम्ही आईला एक डुक्कर दिलं असतं आणि आज तुमची कॉफी उभी असती. खाटेवर पडून मी दिवसभर हाच विचार करतो. दुसरा उद्योगच नाही.

भांडण पेटल्यावर कोपिल तुमच्या घरून निघाली. ती आईकडे आली आहे. इकडे येऊ नका.

केवा


पोर्ट मोर्सबी
९ जुलै

मेव्हणे,

येतोय.

माझ्या बापानं ती कॉफी लावली होती. त्याच्यामागे तेवढंच त्याचं राहिलं होतं. तुम्ही मला गणित शिकवू नका, एक पाऊल आणि एक डुक्कर म्हणून. तुम्हाला नाव घेता आलं असतं का माझं? खरं सांगा.

इथं रोज हाणामारी चालते. परवा जेवताना सेपिकच्या एकानं हेगनच्या एकाला रानटी म्हटलं, मग पळी, थाळी, हातात येईल ते. एकाचा कान शिवावा लागला. मंत्री येऊन भाषण करून गेले, की आता आपण एक देश आहोत. त्यांच्यासमोर सगळे छाती काढून उभे राहिले, ते गेल्यावर कान शिवलेल्यानं पुन्हा सुरुवात केली. प्रशिक्षक रोज एकच सांगतो, चेंडू वर गेला की एकमेकांना नावानं हाका मारा. निम्मी पोरं जमिनीकडे बघतात. कुणाचा इथं सासरा आहे, कुणाचा साडू. तो गोरा माणूस, त्याला वाटतं आम्ही लाजाळू आहोत.

मी गेलो तर ऑगस्टचा सामना गेला, असं त्यानं बजावलं आहे. जाऊ दे. जळत्या खोऱ्यात बायकोला ठेवून मी चेंडूमागे धावणार नाही. कोपिल तुमच्या आईच्या बागेत काम करते ना? शुक्रवारी हेगनला उतरतो, शनिवारी पहाटे ओढ्याच्या वाटेनं येतो. एकटा येतो, हत्यार न घेता. तिला घेऊन जातो. कुणाला सांगू नका.

गोइंबा


टोपाका वस्ती
२ ऑगस्ट

दाजी,

मोर्सबीच्या मोठ्या दवाखान्यात तुम्ही शुद्धीवर आलात, हे मास्तरांकडून कळलं. कुणी तुम्हाला वेगळं काही सांगायच्या आत मी सांगतो. ओढ्यात पडलात तेव्हा तुमचे डोळे उघडे होते, पण त्यांना काही दिसत नसावं.

तुमचं पत्र आलं तेव्हा मला तारेसकट घरी सोडलं होतं; मी कुणाला सांगितलं नव्हतं. पत्र वाचून चुलीत घातलं. पण हेगनला तुम्ही विमानातून उतरलात आणि पोरं ‘सात नंबर आला, सात नंबर आला’ करत ट्रकमागे धावली. बातमी तुमच्याआधी खोऱ्यात पोहोचली. पहाटे कौपा उठून गेला आणि मी त्याच्या मागे गेलो. अडवायला गेलो की बघायला गेलो, तुमची शपथ, मला सांगता येणार नाही.

तुम्ही ओढ्यातून वर येत होतात. कोपिल बागेत वाकलेली होती. तुम्ही तिच्याकडे बघून हसत होतात, तिला अजून तुमची चाहूल नव्हती. तेवढ्यात केवड्याच्या बनातून कौपा निघाला. तुमच्या पाठीमागून, अनवाणी, दोन्ही हातांनी कुऱ्हाड उचलून. मी पलीकडच्या काठावर. मध्ये पाणी. माझ्याजवळ दगडसुद्धा नव्हता.

त्या वेळी मी काही विचार केला नाही. मानाचा नाही आणि भावाचाही नाही. तोंड उघडलं. तार तुटली नाही, दात तुटले. वरचे दोन हिरडीसकट बाहेर आले, जुळत आलेलं हाड पुन्हा निखळलं आणि त्याच्यामागून तुमचं नाव आलं. एवढ्या मोठ्यानं मी कधी ओरडलो नाही, मोर्सबीच्या मैदानावरसुद्धा नाही.

तुम्ही वळलात. मानेवर यायची ती कुऱ्हाड खांद्यात बसली. लाकूड फुटावं तसा आवाज झाला, मला पाण्यापलीकडे ऐकू आला.

तुम्ही एकटे येणार होतात. तुमचे चुलतभाऊ तुम्हाला न सांगता मागोमाग आले होते आणि वरच्या गवतात बसले होते. गवत डोक्यापेक्षा उंच, त्यांना काही दिसत नव्हतं. तुमचं नाव ऐकलं तेव्हा कळलं, कुठे बघायचं. पहिला बाण कौपाच्या मांडीत गेला, दुसरा पोटात, आणि मग एक गळ्याखाली. तरी तो पडेना. कुऱ्हाड तुमच्या हाडात अडकली होती आणि तो तिच्या दांड्याला धरून उभा होता. मग हळूहळू खाली बसला. कोपिल धावत आली. एका हातानं तिनं तुमचा खांदा दाबून धरला, दुसऱ्या हातानं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. मी पाण्यातून त्यांच्यापर्यंत पोहोचलो तेव्हा ओढा खालपर्यंत लाल झाला होता.

कौपा माझ्याकडे बघत होता. म्हणाला, “तू त्याचं नाव घेतलंस?”

रागानं नाही म्हणाला. त्याला नवल वाटलं होतं. तेवढंच बोलला आणि गेला.

पुढचं म्हाताऱ्यांनी उरकलं. तुमच्या वडिलांच्या जागी माझा भाऊ, असं धरून दोन्हीकडच्यांनी बाण मोडले आणि मढ्याशेजारी बसून ऊस खाल्ला. त्यांना सोपं आहे. मला ते जमत नाही. एकाच हाकेनं तुम्ही वाचलात आणि तो मेला. तोंड बांधलेलं राहिलं असतं तर मला भाऊ असता. मग मनात येतं, कोपिलला नवरा नसता. मग पुन्हा पहिल्यापासून.

वस्तीवर माझ्याबरोबर कुणी जेवत नाही. आईनं अंगाला सुतकाची पांढरी माती फासली आहे आणि माझ्याशी बोलणं टाकलं आहे. एकदाच बोलली. म्हणाली, “जावयाचं नाव घेतलंस, त्याचं डुक्कर गेलं पाहिजे.” पोटचा पोरगा पुरून आली होती, दाजी, आणि हे बोलली. आधी मी चिडलो. नंतर वाटलं, तिचं बरोबर आहे. झालं त्यातलं फेडता येण्यासारखं तेवढंच एक आहे.

डुक्कर कोपिलबरोबर विमानानं पाठवतोय. ठिपक्यांचं आहे, तुम्ही लग्नात दिलं होतंत त्याच्याच वंशातलं. एक नंबरची जर्सी देऊन टाका कुणालाही. उंच गेलेल्या चेंडूखाली मी आता उभा राहणार नाही. आणि मला लिहू नका.

केवा


पोर्ट मोर्सबी
१४ सप्टेंबर

केवा,

पाकिटावरचं नाव बघितलंस का? अक्षर माझं आहे. डावा हात कायमचा गेला, पण लिहिणारा शाबूत आहे. तू लिहू नको म्हणालास आणि मी लिहितोय, तेव्हा राग करायचा तर एकदमच कर.

कोपिल पोहोचली. बराकीच्या स्वयंपाकघरामागे डुक्कर बांधलं आणि त्याच्याशेजारी बसून राहिली, अंगावरची माती न धुता. तिच्या भावाला मारणारे माझे आहेत आणि मला तोडणारा तिचा, ती कुणाशी काय बोलेल? मीही शेजारी बसलो. दिवस असेच गेले. मग एक दिवस ती म्हणाली, किती दिवस बांधून ठेवणार आहात, माझ्या भावानं पाठवलंय ते.

एका हातानं मला डुक्कर मारता येईना. तोमारेनं धरलं. खड्डा खणला, दगड तापवले, रताळी आणि पाला घालून झाकलं. खड्ड्यातून वाफ येईपर्यंत मी सगळ्या पोरांना बसवून सांगितलं. चेंडूचं सांगितलं, कॉफीचं सांगितलं, ओढ्याचं सांगितलं. तुझ्या दातांचं सांगितलं. कौपादादा मरताना काय बोलले तेही सांगितलं. कान शिवलेला तो हेगनचा पोरगा रडायला लागला, आणि ज्यानं त्याला रानटी म्हटलं होतं तो सेपिकवाला त्याच्याशेजारी जाऊन बसला.

मग तोमारे उठला. सुपारीबरोबर खायच्या चुन्याची त्याची तुंबडी असते ना, ती त्यानं उपडी केली आणि खड्ड्याभोवती चुन्याची रेघ ओढली. म्हणाला, “या रेघेच्या आत कुणी कुणाचा मेव्हणा नाही, जावई नाही, सासरा नाही. ज्याला नाव घ्यायचंय त्यानं आत येऊन खावं. सगळ्या नावांचं डुक्कर हेच.”

मी पहिला आत गेलो. मग एकेक आले. तांबुलचा एक म्हातारा प्रॉप, पुढच्या फळीतला गडी, आला नाही. थुंकला आणि म्हणाला, मान मोडली तरी चालेल. अजून तो साडूला नंबरानंच हाक मारतो. बाकीच्यांनी मांस खाल्लं, बोटं चाटली, आणि तिथल्या तिथे एकमेकांना हाका मारून बघितल्या. निम्म्यांचा आवाज फुटेना, निम्म्यांना हसू आवरेना. प्रशिक्षक बाहेर येऊन विचारायला लागला, काय झालं, कुणी दारू आणली का?

ऑगस्टचा सामना आम्ही हरलो, पण थोडक्यात. चेंडू वर गेला की आमच्या तेरापैकी बारा तोंडांतून नावं निघत होती. कुणाचा जबडा मोडला नाही. पाहुण्यांच्या एकाचा मोडला.

मी आता खेळणार नाही. हाड जुळलं, पण खांद्याखाली हातात जीव उरला नाही. प्रशिक्षकानं मला रेषेजवळ उभं केलं आहे. काम एकच, मागून कोण येतंय ते बघायचं आणि ओरडायचं. हसू नकोस, माझ्याइतकं हे काम कुणाला कळतं?

मी रोज सकाळी पाण्याच्या टाकीमागे जाऊन तुझं नाव घ्यायचा सराव करायचो. आधी नुसता वारा निघायचा. मग घोगरं काहीतरी यायला लागलं. एकदा मोठ्यानं आलं आणि कोपिल चूल टाकून धावत आली, तिला वाटलं तू आलास. तिला खरं सांगितलं. ती टाकीला टेकली आणि म्हणाली, अजून मोठ्यानं ओरडा, त्याला लांबचं ऐकू येत नाही.

तुझ्या भावाबद्दल मी काय लिहू? कुऱ्हाडीचा राग नाही मला. त्याच्या जागी मी असतो तर मीही दोनच शब्द ऐकले असते. मी जिवंत आहे आणि तो नाही. पाहिजे तर आयुष्यभर माझ्यावर चिडून राहा, पण खोऱ्यात एकट्यानं जेवत बसू नकोस. इथं रेघेच्या आत ताट आहे.

जबडा नीट जुळू दे. दोन दात नसले तरी चेंडू हातानंच धरायचा असतो. एक नंबरची जर्सी कोपिलनं धुवून तारेवर घातली आहे आणि ती कुणालाही हात लावू देत नाही.

ये, केवा. तू फक्त वर बघ. मागून कोण येतंय ते मी सांगतो.

गोइंबा